तुटलेल्या स्प्रिंगवर शाळेला जाऊ नका, ताई

पत्र

काका, माझ्या बाबांची 2012 ची वॅगन आर आता मी चालवते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते आणि दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, त्यामुळे रोज गाडी लागतेच. गेल्या मंगळवारी सकाळी गाडी काढताना स्टेअरिंग वळवलं आणि पुढून ‘टण्ण’ असा आवाज आला. तेव्हापासून गतिरोधकावर खटखट वाजतं. मिस्टर म्हणाले, डावी बाजू दोन बोटं खाली बसलीय. गल्लीतल्या मेस्त्रींनी टॉर्च मारून बघितलं, म्हणाले की पुढची डावी स्प्रिंग खालच्या वेढ्याला तुटलीय. 500 रुपयांत वेल्डिंग करून देतो म्हणतात. दुसऱ्या गॅरेजने फक्त ती एक स्प्रिंग बदलायचे साडेतीन हजार सांगितले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट साडेअठरा हजारांचं आलंय. थोरले दीर म्हणतात, 14 वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला, स्क्रॅपला देऊन टाक. गाडी 82 हजार किलोमीटर चाललीय. दिवाळीला सण अग्रिम मिळाला की काम करीन, तोवर हळूहळू चालवली तर चालेल का? आणि खरं सांगते, ही गाडी द्यायचं मन होत नाही. बाबा तिच्यातून दर शनिवारी हरसूलला शेतावर जायचे.

उत्तर

ताई, गाडी तोवर चालवू का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो उद्या सकाळचा प्रश्न आहे. चालणार नाही. हळू चालवली तरी नाही आणि दिवाळीपर्यंत तर नाहीच. उद्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची एसटी धरा. गाडी आहे तिथे उभी राहू द्या.

मी 30 वर्षं अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या पुढच्या भागाचंच काम केलं. शॉकअप, स्प्रिंगा, लोअर आर्म (चाक खालून धरणारा आडवा दांडा), स्टेअरिंग रॅक. त्या 30 वर्षांत मी ‘दोन दिवस चालेल’ हे वाक्य एकदाच बोललो. माझ्या मामेभावाला. त्याच्या गाडीची पुढची स्प्रिंग तुटली होती, एका गॅरेजने तिला वेल्डिंग मारून दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सप्तशृंग गडावर जायचं होतं. मी वाकून बघितलं, टाका जाड दिसला, म्हणालो, जाऊन येऊ, मग बदलू. नांदुरीचा घाट उतरताना एका वळणावर ती टाक्याच्या शेजारीच तुटली. मोकळं झालेलं टोक टायरच्या आतल्या बाजूला घुसलं आणि टायर कापला गेला. गाडी डोंगराच्या बाजूला आदळली. वहिनींच्या खांद्याचं हाड मोडलं. दरी उजवीकडे होती आणि गाडी डावीकडे ओढली गेली, म्हणून आज हे लिहायला मी आहे. तेव्हापासून कुणी तुटलेल्या स्प्रिंगबद्दल विचारलं की मी दुसरं काही बोलायच्या आधी किल्ली मागतो.

तुमच्या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा शॉकअप आहे. त्याच्या अंगावर वाटीसारखी एक बशी वेल्ड केलेली असते आणि त्या बशीत स्प्रिंग बसते. गाडीच्या पुढच्या भागाचं ओझं त्या स्प्रिंगवर. बशी टायरच्या अगदी जवळ असते. स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला की नवं टोक बशीतून सरकू शकतं, आणि तुटलेल्या पोलादाचं टोक कापणारंच असतं. ते आज बशीत अडकून आहे म्हणून गाडी चालतेय. पुढच्या मोठ्या खड्ड्यात ते कुठे जाईल, हे मी सांगू शकत नाही, तुमचे मेस्त्रीही नाहीत. मुंबई नाक्यापासून म्हसरूळपर्यंत खड्डा चुकवत चालवीन म्हणाल, तर सध्या सिंहस्थाच्या कामांत रस्ता आज असतो तसा उद्या नसतो.

आता वेल्डिंगचं. मेस्त्रींना वाईट म्हणत नाही, त्यांना तुमचे पैसे वाचवायचे असतील. पण स्प्रिंग म्हणजे साधी लोखंडी सळई नव्हे. तिच्या पोलादात कार्बन जास्त असतो. तार लाल तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा ठरावीक उष्णता देऊन तिचा ठिसूळपणा काढतात. या सगळ्या कामातूनच तिला लवचीकपणा येतो. वेल्डिंगची ज्योत लागली की टाक्याभोवतीचं ते सगळं काम पुसलं जातं. टाक्याला लागून असलेला भाग भराभर थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो, आणि त्याच्या पलीकडचा पट्टा मऊ पडतो. टाका स्वतः कितीही मजबूत असो, स्प्रिंग त्याच्या शेजारी तुटते. गेटला, ट्रॉलीला वेल्डिंग करा. स्प्रिंगला, लोअर आर्मला, बॉल जॉइंटला (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळीचा सांधा), स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला करू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच: धडकलो नाही, आपटलो नाही, मग उभ्या गाडीत ती तुटली कशी? बहुतेक वेळा अशीच तुटते. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंगची तार दाबली जाण्यापेक्षा पिळली जाते, कपडा पिळतो तशी, आणि हा पीळ तिच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त पडतो. वरचा रंग शाबूत असेपर्यंत ती लाखो वेळा पिळून पूर्वस्थितीला येते. पण चाकाने उडवलेली खडी लागून रंगाचा टवका उडतो, तिथे गंज धरतो, गंजाचा बारीक खळगा होतो आणि त्या खळग्यातून चीर सुरू होते. खालचा वेढा आधी जातो, कारण बशीत चिखल साठतो आणि पावसाळाभर ओला राहतो. तुमचे बाबा दर शनिवारी हरसूलला जायचे म्हणता. त्र्यंबकच्या पुढचा तो पाऊस आणि तो लाल चिखल. मेस्त्रींना सांगा, बशीत बोट घालून बघा. तो चिखल वाळून अजून तिथे असेल. मंगळवारी सकाळी तुम्ही स्टेअरिंग वळवलं तेव्हा स्प्रिंगला नेहमीएवढाच पीळ पडला, चीर मात्र तोवर पार पोचली होती. तुमचं काही चुकलेलं नाही.

गॅरेजपर्यंत गाडी कशी न्यायची? आधी विम्याची पॉलिसी काढून बघा, रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलेलं असेल तर टोइंग त्यात मिळेल. मात्र स्प्रिंगचा खर्च विम्यातून मिळेल असं धरू नका, झिजेने गेलेला भाग विमा भरून देत नाही. टोइंग नसेल तर माझा आवडता उपाय दुसरा आहे: मेस्त्रींना घरी बोलवा, सपाट जागेवर गाडी जॅकने उचलून खाली पक्के स्टँड लावायला सांगा आणि अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट काढून गॅरेजला न्यायला लावा. चांगल्या हाताला एका बाजूला अर्धा-पाऊण तास लागतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही हात घालू देऊ नका, त्यांना कितीही सवय असली तरी. आणि एक बघून ठेवा: पुढचं चाक समोरून पाहिल्यावर आत किंवा बाहेर कललेलं दिसतंय का? तसं असेल तर स्प्रिंगच्या जोडीला लोअर आर्म किंवा बॉल जॉइंटही गेलेला असू शकतो. मग गाडी जागेवरून इंचभरही ढकलू नका, चारही चाकं वर घेणारी टोइंगची गाडीच बोलवा. बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेर पडून गाडी त्यावर बसते, ती वेगात असो की नसो.

यापुढे जे लिहितोय ते मेस्त्रींनाही वाचून दाखवा. बाहेर काढलेल्या शॉकअपवर तुटलेली स्प्रिंगसुद्धा दाबलेलीच असते. तिला वरचा एक नट धरून ठेवतो. तो नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय सोडला तर ती तोफेसारखी सुटते. मी एका मुलाचा जबडा असा गेलेला बघितलाय. 19 वर्षांचा होता, उस्तादाने सांगितलं म्हणून पायाखाली स्प्रिंग दाबून नट सोडत होता. काही ठिकाणी दोरी बांधतात, काही ठिकाणी तार. म्हणून काम देण्याआधी विचारा, ‘कॉम्प्रेसर आहे का, दाखवा.’ दोन लांब आट्याचे बोल्ट आणि त्यांना आकडे, किंवा भिंतीला लावलेलं यंत्र, एवढंच ते असतं. स्प्रिंग तुटकी असेल तर आकडे शाबूत वेढ्यांना समोरासमोर लागले पाहिजेत. कॉम्प्रेसर नसेल तर दुसरीकडे जा. नाशकात द्वारका आणि वडाळा नाक्याच्या बाजूला पुढच्या भागाचंच काम करणारे लोक आहेत, सातपूर-अंबडलाही आहेत. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता एस्टिमेट. साडेतीन हजारवाला एकच स्प्रिंग बदलतोय, ते मला पटत नाही. उजवी स्प्रिंगही त्याच वयाची, तिनेही तोच चिखल खाल्लाय. शिवाय 14 वर्षांत स्प्रिंग थोडी बसते. एका बाजूला नवी, दुसऱ्या बाजूला बसलेली, अशी गाडी कायम एका अंगाने उभी राहील आणि ब्रेक मारताना ओढेल. स्प्रिंगा जोडीनेच घ्या. शॉकअपही बघून घ्या. अंगावर तेलाचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर तो गेला. उजव्या बाजूचा बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, दोन-तीनदा डोलला तर गेलाय. 82 हजार किलोमीटरच्या गाडीवर मी असतो तर शॉकअपची जोडीही आत्ताच बदलली असती, कारण स्प्रिंग काढायला तो बाहेर येतोच, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी भरायला लागू नये. त्यासोबत वरचं रबरी माउंटिंग, बेअरिंग आणि धूळ अडवणारं बूट. या तिन्ही स्वस्त वस्तू आहेत आणि यांच्यावर पैसे वाचवणाऱ्या गाड्या महिन्याभरात पुन्हा खटखट घेऊन येतात.

साडेअठरा हजारांत नक्की काय काय आहे, ते ओळीने विचारा. लोअर आर्म दोन्ही धरले असतील, माझा तसा अंदाज आहे. लोअर आर्म बदलायचा की नाही, हे डोळ्यांनी ठरतं. चाक उचलून खाली टॉमी (लोखंडी पहार) लावून वर दाबलं आणि बॉल जॉइंटमध्ये कटकट लागली, किंवा बुशचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या कड्याचं, रबर फाटून धातू दिसत असला, तर बदला. नसेल तर राहू द्या. ‘दाखवा’ असं म्हटलेलं कुठल्याही चांगल्या मेस्त्रीला खटकत नाही. तुम्ही बाई आहात म्हणून कुणी ‘तुम्हाला काय कळणार मॅडम’ म्हणाला, तर ते गॅरेज आपलं नव्हे.

पार्ट घेताना आरसी बुक सोबत न्या. चेसिस नंबरवरून काउंटरवर नेमका पार्ट नंबर निघतो. पेट्रोल आणि सीएनजी गाडीच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात, डावी-उजवीतही फरक असू शकतो, म्हणून ‘वॅगन आरची द्या’ एवढं पुरत नाही. बाबांनी मागून सीएनजी बसवून घेतला असेल तर तेही सांगा. पॅकिंगवरचं लेबल आणि पक्कं बिल बघा. भंगारातली स्प्रिंग घेऊ नका. भंगार बाजारातून लोकांनी दारं आणलीत, आरसे आणलेत, माझी त्याला हरकत नाही. पण दुसऱ्याच्या गाडीतून काढलेल्या स्प्रिंगची चीर रंगाखाली कुठवर गेलीय, हे बाहेरून दिसत नाही.

काम सुरू असताना एक गोष्ट तिथे उभं राहून बघा, कारण ती नव्वद टक्के गॅरेजमध्ये चुकते असं माझं निरीक्षण आहे. लोअर आर्म सोडला असेल, तर त्याच्या बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. गाडी हवेत लटकलेली असताना आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेतच पकडलं जातं आणि गाडी खाली आली की आयुष्यभर पिळलेलंच राहतं. मग पाच-सहा महिन्यांत बुश फाटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, पार्ट डुप्लिकेट दिला. शॉकअप ज्या दोन बोल्टांनी चाकाच्या खांबाला धरलेला असतो त्यांना नवे नट मागा. हे नट एकदाच घट्ट धरतात, जुने पुन्हा लावले तर सैल होतात. आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्याच दिवशी. ते दोन बोल्ट जरासे सरकले तरी चाकाचा झुकाव बदलतो आणि नवा टायर एका कडेने खाल्ला जातो. डाव्या टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवा. ओरखडा खोल असेल, आतले धागे दिसत असतील, तर तो टायरही गेला, त्याला स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नका.

पैशांचं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, पण सण अग्रिमाचा उल्लेख केलात त्यावरून ओढाताण समजते. मग क्रम असा धरा: दोन्ही स्प्रिंगा, माउंटिंग आणि अलाइनमेंट, याशिवाय गाडी रस्त्यावर येऊ नये. शॉकअप कोरडे असतील तर ते दिवाळीनंतर बदलले तरी चालेल, फक्त मजुरी दुसऱ्यांदा पडेल हे धरून चाला. मागच्या स्प्रिंगाही त्याच वेळी टॉर्च मारून बघून घ्या, बघण्याचे पैसे लागत नाहीत.

आता थोरल्या दिरांचं. दिल्लीत 15 वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदी आली, त्या बातम्या ऐकून पुष्कळांना वाटतं की तोच नियम सगळीकडे आहे. तो दिल्ली आणि भोवतालच्या भागापुरता आहे. आपल्याकडे 15 वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. तुमच्या गाडीची ती वेळ 2027 ला येईल. नूतनीकरणाचं शुल्क 5,000 रुपये आहे, त्यावर पर्यावरण कर लागतो आणि गाडी तपासणीत उतरावी लागते. हा खर्च मनात धरून ठेवा. पण ती ठेवायची की नाही, हे स्प्रिंगवरून ठरवू नका. स्प्रिंग बदलता येते. गाडी उचललेली असेल तेव्हा मेस्त्रींना सांगा की खालची चेसिसची मेंबर (आधाराची तुळई), दारांखालची पट्टी आणि शॉकअप वर जिथे बॉडीला बसतो ती जागा, इथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर गाडीचं अंग चांगलं आहे. भद्द वाजलं, पत्र्याची पापडी निघाली, तर दिरांचं म्हणणं ऐका आणि 2027 ची वाट न बघता निर्णय घ्या, कारण गंजलेल्या अंगावर बसवलेला नवा शॉकअप धरायला जागाच उरत नाही. अंग खणखणीत असेल तर ही गाडी आणखी कित्येक वर्षं शाळेला जाईल. बाबांची म्हणून ठेवावीशी वाटते, त्यात कमीपणा मानू नका. माझ्या वडिलांची राजदूत अजून आमच्या पडवीत आहे आणि मी महिन्यातून एकदा ती चालू करतो.

काम झाल्यावर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि शॉकअपचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. दर पावसाळ्यानंतर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, गाडी धुताना मडगार्डच्या आत पाण्याची नळी धरून बशीतला चिखल काढून टाका. आणि पाच मिनिटांचं एक काम स्वतः करत जा: सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, डावं आणि उजवं. नव्या स्प्रिंगा बसल्याच्या दिवशीचं माप आरसी बुकच्या पाकिटात लिहून ठेवा. पुढे कधी एक बाजू त्यापेक्षा सेंटिमीटरभर खाली दिसली, तर आवाज व्हायची वाट बघू नका.

मेस्त्रींकडून जुनी स्प्रिंग परत मागून घ्या, ती तुमचीच आहे. तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. एका कडेला चंद्रकोरीसारखा तपकिरी, गंजलेला डाग दिसेल, ती जुनी चीर, कित्येक महिन्यांची. उरलेला भाग करडा, खरबरीत आणि चमकदार दिसेल, तो मंगळवार सकाळचा. मग उजव्या बाजूची काढलेली स्प्रिंग घ्या, खालच्या वेढ्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासा आणि तिथे केसाएवढी रेघ दिसतेय का ते बघा. दिसली तर तिचा फोटो दिरांना पाठवा आणि मलाही.